दोन गोळ्या, एक सरकार

मंडळी, आपण चोपड्यात बसलो आहोत, तेव्हा सुरुवात नंदुरबारपासूनच करू. ९ सप्टेंबर १९४२. हाती तिरंगा घेतलेला शिरीषकुमार मेहता पोलिसांच्या गोळीने पडला. वय अवघं पंधरा. खानदेशात हे नाव कोणाला सांगावं लागत नाही.

आता दुसरं नाव घेऊ. यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचा. जन्म १९२१. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत नाईक, म्हणजे एका छोट्या तुकडीचा म्होरक्या. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबरच्या वरच्या खोऱ्यात, मशीनगनच्या माऱ्यात त्याची सगळी तुकडी ठार किंवा जखमी झाली. उरला तो एकटा. तो तसाच धावला. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा उडवला, टॉमीगनने आणखी एक जण टिपला. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तर बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्याने दस्त्याने मारलं. ठाणं जिंकलं, आणि तिथेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तो गेला. वय बावीस.

बघा, ज्या सरकारच्या गोळीने शिरीषकुमार गेला, त्याच सरकारचा गणवेश यशवंतच्या अंगावर होता. नेहरू, पटेल, आझाद तेव्हा अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. आझाद हिंद सेना इंफाळच्या आघाडीवर होती. मग यशवंत लढला कोणासाठी?

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा या प्रश्नाला बगल देता येत नाही. कोणी म्हणेल, दोघेही शूर, विषय संपला. तसा तो संपत नाही. शिरीषकुमारने आपलं कारण स्वतः निवडलं. यशवंतचं युद्ध १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगोने हिंदी प्रतिनिधींना न विचारता जाहीर केलेलं. हा फरक पुसू नये. पण समोरची सत्ता नाझींची होती, हेही विसरू नये. आणि तुकडी संपल्यावर तो क्षणभर आडोशाला पडून राहिला असता, तर त्याला कोण जाब विचारणार होतं? युद्ध दुसऱ्यांचं असेल. ते शेवटचं धावणं मात्र त्याचं स्वतःचं होतं.

मार्च १९४५ मध्ये लाल किल्ल्यात व्हाइसरॉय वेव्हेल यांनी त्याचा व्हिक्टोरिया क्रॉस त्याच्या पत्नीच्या, लक्ष्मीबाईंच्या हाती दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच किल्ल्यात आझाद हिंदच्या अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला. एकाच वर्षात, एकाच वास्तूत हे दोन्ही घडलं.

यशवंतची समाधी कुठेच नाही. कॅसिनोच्या स्मारकावर नाव तेवढं आहे. इटलीतल्या मोंतोने गावाने जुलै २०२३ मध्ये त्याच्या नावाने सूर्यघडी उभारली. तिच्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ असा, की आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत.

आपल्याकडे माणगावच्या तहसील आवारात त्याचा पुतळा आहे. तिकडे गेलात तर दोन मिनिटं थांबा. आणि नंदुरबारला जाल तेव्हा तिथेही थांबा. दोन्हीकडे थांबणं जमलं, तर आपला इतिहास आपल्याला थोडा कळला असं आम्ही म्हणू.