पावसाचा वाटेकरी

मुंबईच्या जुन्या वस्तीतून हिंडणाऱ्यास तेथील स्थलनामांचा एक चमत्कार सहज दिसून येतो. पायधुणीस पाय धुण्याजोगे पाणी नाही, उमरखाडीत खाडी नाही, धोबी तलावात तलाव नाही. गोवालिया टँक, दोन टाकी आणि सी. पी. टँक येथे टाक्यांचा मागमूसही उरलेला नाही. पूर्वी पाणी कोठे कोठे राहत असे, याची ही नावे म्हणजे एक यादीच होय. ही यादी नीट वाचली असता, पावसाळ्यात मुंबई का बुडते या प्रश्नाचे अर्धे उत्तर हाती येते.

1668 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आलेली मुंबई सात बेटांची होती. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधील खिंडारातून भरतीचा समुद्र आत शिरे आणि मधला सखल प्रदेश बुडवून टाकी. चिखलपाण्यातून आलेला वाटसरू जेथे पाय धुई ती पायधुणी, अशी त्या नावाची परंपरागत उपपत्ती आहे. गव्हर्नर हॉर्नबी यांच्या कारकीर्दीत या खिंडारास बांध घालण्याचे काम झाले व ते 1784 च्या सुमारास तडीस गेले. हाच पुढे हॉर्नबी व्हेलार्ड म्हणून प्रसिद्धीस आला. त्या योगाने विस्तीर्ण भूमी वसाहतीस मोकळी झाली खरी. परंतु बांधाने समुद्र थोपविला, जमिनीची उंची काही वाढविली नाही. बाहेरचे पाणी अडविणारा बांध आतले पाणीही अडवितो, हा हिशेब पुढील पिढ्यांच्या वाट्यास आला.

तथापि पुढेही बराच काळ शहरात तलाव होते, वाड्यांतून माती होती, उत्तरेस भातखाचरे व खाजणे होती. 1860 साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले आणि जुन्या तलावांची गरज ओसरली. 1911 साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाचा तपास करून साठलेल्या पाण्यातील डासांकडे बोट दाखविले. तलाव एकामागून एक बुजले. हिवतापाने माणसे मरत असता असे करणाऱ्यांस आज दोष देणे अन्यायाचे होईल. फक्त इतकेच, की तलाव पिण्याच्या पाण्याखेरीज पावसाचेही पाणी सामावून घेत असे. त्याचे हे दुसरे काम कोणाकडे सोपविले गेले नाही.

शहराची जुनी गटारे ज्या हिशेबाने बांधली गेली, तो येथे पाहण्याजोगा आहे. ताशी 25 मिलिमीटर पाऊस पडेल आणि त्यातील निम्माच गटारात येईल, असे त्यात धरलेले होते. उरलेला निम्मा कोठे जावयाचा? तो जमीन पिणार होती. म्हणजे शहराची माती ही गटारांची मुकी वाटेकरीण होती आणि अर्धा भार तिच्यावर होता. पुढे अंगणे फरसबंद झाली, रस्ते डांबराचे व नंतर सिमेंटचे झाले, खाजणांवर भर पडली, आणि वाटेकरीण नाहीशी झाली. गटारे मात्र तीच राहिली. 1993 च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ताशी 50 मिलिमीटर पाऊस धरावा आणि तो सर्वच्या सर्व वाहून येईल असे मानावे, अशी शिफारस केली. पूर्वीच्या हिशेबाच्या हे पाणी चौपट होते. जमिनीच्या मृत्यूचा याहून स्पष्ट दाखला कोणता हवा?

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्यास अवघा 73 मिलिमीटर. विहार व पवईच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत जाणारी मिठी नदी विमानतळाच्या आवारात काटकोनात वळविलेली होती, आणि तिच्या मुखालगतच्या पाणथळीत वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले होते. शेकडो माणसे प्राणांस मुकली. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तिवरांची तोड थांबविण्याचा आदेश दिला. चिखलात उभे असलेले ते झुडूप निरुपयोगी नाही, हे शहरास फार मोठे मोल देऊन कळले.

इतर नगरांनीही हाच धडा घेतला. 2 जुलै 2011 रोजी कोपनहेगनवर दोनतीन तासांत दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला. पुढील वर्षी त्या नगराने जी योजना आखली, तिच्यात मोठ्या नळांच्या जोडीस उद्याने, चौक व रस्ते यांनाही कामास लावले. तेथील एंगहावे उद्यान अशा रीतीने नव्याने घडविले, की मुसळधार पावसात त्यात 22,600 घनमीटर पाणी थांबून राहावे आणि एरवी मुलांनी तेथे खेळावे. मुंबईतही हिंदमाता परिसराचे पाणी साठविण्यासाठी 2021 च्या सुमारास मैदान व उद्यान यांच्या पोटात टाक्या खणाव्या लागल्या. ज्या शहराने आपले तलाव बुजविले, त्यालाच पुन्हा टाक्या खणण्याची पाळी आली, हा इतिहासाचा न्याय मोठा मार्मिक आहे.

हरित उपायांविषयी भोळी श्रद्धाही नको. 944 मिलिमीटर पाऊस कोणतेही उद्यान पिऊ शकत नाही, आणि जुलैमध्ये भिजून गच्च झालेल्या मातीची तहान अल्पच असते. मुंबईच्या गटारांची बहुतेक मुखे भरतीच्या पातळीखाली असल्यामुळे पंपांवाचूनही सुटका नाही. पण रोजच्या पावसात झाड, माती व तळे ही पाण्यास थोडा वेळ थोपवून धरतात, आणि भरती ओसरेपर्यंतचा तो थोडा वेळ हीच या शहराची खरी गरज आहे. एक हेक्टर मोकळ्या जमिनीने 25 मिलिमीटर पाऊस जिरविला, तर अडीच लाख लिटर पाणी गटाराच्या वाटेस जात नाही.

तेव्हा सर्व काम नगरपालिकेचे म्हणून स्वस्थ बसणे सुशिक्षितांस शोभणारे नाही. चिखल नको म्हणून आपणच आवारात फरशी घालतो, पाने पडतात म्हणून झाड तोडवितो, आणि मग रस्त्यावर पाणी तुंबले की गटारांना नावे ठेवतो. पाऊस हा आपल्या हिश्श्याची जागा मागणारच. ती आपण अंगणात दिली नाही, तर तो ती उंबऱ्याच्या आत येऊन घेतो.