वागणुकीचे गुण

वर्गातल्या मुलांचे कोणते वागणे गंभीर मानायचे? ई. के. विकमन यांनी हा प्रश्न अमेरिकेतल्या शिक्षकांना आणि मानसतज्ज्ञांना विचारला, आणि १९२८ मध्ये त्याची उत्तरे पुस्तकरूपाने छापली. शिक्षकांनी चोरी, उद्धटपणा, आज्ञाभंग यांवर बोट ठेवले. तज्ज्ञांना घोर लागला तो गप्प, एकलकोंड्या पोरांचा. पुढे टीकाकारांनी यातली मेख दाखवली: शिक्षकांना आजचा त्रास विचारला होता, तज्ज्ञांना पुढच्या आयुष्यावरचा परिणाम.

प्रश्न बदलला की मूल बदलते.

पुढच्या प्रश्नावल्याही आपापल्या कामापुरत्या घडल्या. इंग्लंडमध्ये मायकेल रटर यांनी १९६७ साली शिक्षकांसाठी २६ विधानांची यादी दिली. हजारो मुलांतून मदतीची गरज असलेली मुले तिने चटकन वेगळी काढता येत. कीथ कॉनर्स यांची १९६९ची ३९ कलमी प्रश्नावली औषधांच्या चाचण्यांतून आली, म्हणून तिचा रोख चंचलपणावर. थॉमस आखेनबाख यांची पालकांसाठीची यादी शंभराहून अधिक तक्रारींची. प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण. रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये २५ विधानांत काम भागवले आणि त्यांतली ५ चांगल्या वागण्यासाठी राखली: दुसऱ्याची कदर करणे, वाटून घेणे, मदतीला धावणे.

पण भरणाऱ्याचे काय? आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ११९ अभ्यास पडताळले. आई आणि वडील यांच्या उत्तरांतला सहसंबंध सरासरी ०.६० च्या आसपास निघाला. पालक आणि शिक्षक यांसारख्या वेगवेगळ्या भूमिकांतल्या माणसांमधला जेमतेम ०.२८. घरातला दांडगोबा शाळेत चिडीचूप असू शकतो, म्हणून तज्ज्ञ आता दोन्हीकडचे अर्ज शेजारी ठेवून वाचतात.