पन्नास आवर्तनांचा हिशेब

दिघी बंदरात मोठे जहाज लागते तेव्हा धक्क्यावर दोन प्रकारच्या विजा शेजारी येतात. किनाऱ्यावरची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणजे ५० हर्ट्झची. समुद्रावर फिरणाऱ्या बहुतेक मोठ्या जहाजांवरची मात्र ६० हर्ट्झची. जहाजावरचा पंप थेट किनाऱ्याच्या विजेला जोडला तर काय होईल?

साध्या मोटरची गती वारंवारतेच्या प्रमाणात असते. म्हणून पंप पाच-षष्ठांश गतीने फिरेल. ढोबळमानाने पाणी ८३ टक्के येईल आणि ते चढण्याची उंची, गतीच्या वर्गाप्रमाणे घटून, ६९ टक्केच उरेल. मग मोटरवरचा भार हलका झाला, ती थंड राहील, असे मुले म्हणतील. इथे जरा थांबावे. वारंवारता घटली आणि व्होल्टता तेवढीच राहिली, तर मोटरच्या लोखंडी गाभ्यातले चुंबकीय क्षेत्र वाढते. गाभा संपृक्त झाला की वेटोळी भरमसाट प्रवाह ओढतात आणि तापतात. म्हणूनच अशा जहाजाला किनाऱ्याची वीज द्यायची तर मध्ये वारंवारता बदलणारे यंत्र बसवावे लागते.

हे दोन आकडे निसर्गाने दिलेले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत एइजी कंपनीने ५० धरले, अमेरिकेत वेस्टिंगहाउसने ६०, आणि ज्याने ज्यांची यंत्रे घेतली त्याच्याकडे तो आकडा रुजला. जपानने दोन्हींकडून घेतली. तिथे तोक्यो आजही ५० वर आणि ओसाका ६० वर चालते.

आपल्याकडे ५० ठरले खरे, पण १९९० च्या दशकात पश्चिम भारताच्या ग्रिडमध्ये ते क्वचितच सापडे. संध्याकाळी वारंवारता ४९ च्या खाली उतरे आणि मध्यरात्री मागणी ओसरली की ५० च्या वर चढे. वर्गात एक गणित घालून पाहावे: विजेच्या आवर्तनांवर चालणारे घड्याळ दिवसभर ४८.५ हर्ट्झवर चालले तर किती मागे पडेल? उत्तर ४३ मिनिटे.

असे का होई? भिरा, कोयना, चंद्रपूर इथली जनित्रे एकाच ठेक्यात फिरतात. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की तूट पहिल्यांदा या फिरत्या चाकांत साठलेल्या ऊर्जेतून भागते आणि सगळीच चाके मंदावतात. वाफेच्या टर्बाइनच्या लांब पात्यांना ही मंद गती घातक. ती थरथरून तडकू शकतात. म्हणून वारंवारता फार खाली गेली की रिले आपोआप काही फीडर तोडतात. गावाला वाटे, वीज कोणी तरी मुद्दाम घालवली!

तंत्रज्ञांना हे सारे ठाऊक होते. अडचण पैशाची होती. ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढणाऱ्या राज्याला त्याची झळ लागत नसे. ती सगळ्यांच्या मोटरींत वाटली जाई. भानू भूषण या अभियंत्याने यावर सुचवलेला उपाय आम्हांला अजूनही फार देखणा वाटतो: वारंवारतेलाच भाव ठरवू द्यावा. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २००० साली तो स्वीकारला आणि १ जुलै २००२ रोजी पश्चिम विभागात तो सर्वांत आधी लागू झाला. ग्रिड ५०.५ हर्ट्झवर असताना जादा ओढलेल्या युनिटला शून्य पैसे, ४९ वर किंवा त्याखाली असताना ४ रुपये २० पैसे. दर पंधरा मिनिटांचा वेगळा हिशेब. वारंवारता काही आठवड्यांतच सावरली.

ठेका जुळला तसे विभाग एकमेकांना जोडता आले. २००३ मध्ये पश्चिम आणि पूर्व एक झाले, २००६ मध्ये उत्तर आले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणही जोडली गेली. मधल्या काळात, जुलै २०१२ मध्ये, उत्तर आणि पूर्व भारत अंधारात बुडाले तेव्हा पश्चिम विभाग तगून राहिला होता.

५ एप्रिल २०२० च्या रात्री ९ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे मालवले गेले. मागणी सुमारे ३१,००० मेगावॉटने घसरली. पाणचक्क्या झपाट्याने कमी करून पुन्हा वाढवण्यात आल्या आणि त्या अवधीत वारंवारता ४९.७० ते ५०.२६ च्या दरम्यानच राहिली.