दिसत नाही, पण चालू आहे! सीलबंद इन्फ्रारेड टॉर्च उघडण्याआधी हे वाचा

टॉर्च लागत नसेल तर माणूस काय करतो? आधी तळहातावर दोनदा आपटतो आणि मग काच डोळ्यांसमोर धरून पुन्हा बटण दाबतो. साध्या टॉर्चच्या बाबतीत यात फारसं बिघडत नाही. उजेड पडलाच तर डोळे आपोआप मिटतात. पण टॉर्च इन्फ्रारेड असेल तर हीच सवय महागात पडू शकते, कारण तो चालू असूनही बंद वाटतो.

नाइट व्हिजन कॅमेरा वापरणारे, रात्री प्राण्यांचं चित्रीकरण करणारे आणि घरीच इलेक्ट्रॉनिक्सचे उद्योग करणारे लोक असे टॉर्च वापरतात. यातले बरेच टॉर्च कंपनीतूनच सीलबंद येतात. सेल मेला, एलईडी उडाला किंवा प्रकाशाचा झोत बदलायचा असला की प्रश्न पडतो, हा उघडायचा कसा? आणि उघडावा का?

इन्फ्रारेड म्हणजे नेमकं काय?

मराठीत याला अवरक्त किरण म्हणतात. लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. १८०० साली खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून पाहिला. लाल पट्ट्याच्या बाहेर, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथेही पारा चढला. अवरक्त किरणांचा शोध तो हाच.

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी जी इन्फ्रारेड उपकरणं बनली, त्यात साधा तापणारा दिवा असायचा आणि त्यावर दिसणारा प्रकाश अडवणारी गडद काच. दिवा जड, बॅटरी त्याहून जड. १९६१ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत काम करणाऱ्या जेम्स बायर्ड आणि गॅरी पिटमन यांना गॅलियम आर्सेनाइडमधून इन्फ्रारेड प्रकाश मिळतो हे लक्षात आलं. तिथून इन्फ्रारेड एलईडीचा रस्ता मोकळा झाला. आज टीव्हीच्या रिमोटपासून सोसायटीच्या गेटवरच्या सीसीटीव्हीपर्यंत सगळीकडे हेच एलईडी आहेत.

८५० की ९४०?

इन्फ्रारेड टॉर्चवर बहुतेक वेळा यापैकी एक आकडा लिहिलेला असतो. ही प्रकाशाची तरंगलांबी, नॅनोमीटरमध्ये.

रात्री सीसीटीव्ही कॅमेऱ्याकडे पाहिलं तर लेन्सभोवतीचे एलईडी मंद लाल दिसतात. ते साधारणपणे ८५० नॅनोमीटरचे असतात. त्यांचा बहुतेक प्रकाश अदृश्य असतो, पण एक बारीकसा अंश डोळ्यांना जाणवतो. ९४० नॅनोमीटरचा एलईडी मात्र अंधारातही दिसत नाही.

मग सगळे ९४० का वापरत नाहीत? कारण कॅमेऱ्यातला सिलिकॉन सेन्सर ८५० ला जितका प्रतिसाद देतो, तितका ९४० ला देत नाही. त्याच ताकदीच्या टॉर्चमध्ये चित्र बरंच अंधुक येतं आणि पल्ला कमी होतो. गॅलियम आर्सेनाइडवर चालणाऱ्या तिसऱ्या पिढीच्या नाइट व्हिजन नळ्यांची नजर तर ९०० च्या आसपास संपते. त्यांच्यासमोर ९४० चा टॉर्च लावला तर जवळपास काहीच दिसणार नाही. म्हणून एलईडी बदलण्याआधी आपला कॅमेरा काय पाहू शकतो हे तपासणं गरजेचं आहे.

टॉर्च सीलबंद का करतात?

पहिलं कारण पाणी आणि धूळ. टॉर्चवर आयपी ६७ लिहिलं असेल तर धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो, असा त्याचा अर्थ. हे काम रबरी ओ-रिंग करतात.

दुसरं कारण उष्णता. एलईडीला दिलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेत जातो. ती बाहेर पडायला एलईडीखालची धातूची चकती टॉर्चच्या ॲल्युमिनियमच्या अंगाला घट्ट चिकटलेली असावी लागते. आटे सैल झाले तर उष्णता अडकते आणि एलईडी लवकर मरतो. म्हणून कंपन्या आट्यांना गोंद लावतात.

तिसरं कारण सुरक्षितता. आतली रचना बदलली की बाहेर पडणाऱ्या किरणांचं प्रमाण बदलतं आणि कंपनीने केलेली चाचणी निरुपयोगी ठरते.

आणि एक व्यावहारिक कारणही आहे. चिकटवून बंद केलेली वस्तू बनवायला स्वस्त पडते आणि बिघडली की गिऱ्हाईक नवीन घेतं. याच मुद्द्यावर जगभर वाद सुरू आहे. युरोपियन युनियनच्या २०२३ च्या बॅटरी नियमांनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. मात्र ओल्या जागी वापरण्यासाठीच बनवलेल्या काही वस्तूंना यात सवलत आहे. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एक पोर्टलही सुरू केलं.

आधी ओळखा: सील कसलं आहे?

सीलबंद टॉर्च ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात.

१. आटे आणि गोंद: डोकं किंवा काचेभोवतीचं कडं फिरवूनच बसवलेलं असतं, पण आट्यांना थ्रेडलॉकर लावलेला असतो. नीट पाहिलं तर जोडाची बारीक रेघ दिसते. हा उघडण्याची शक्यता सर्वाधिक.

२. दाबून बसवलेलं कडं: यात आटेच नसतात. काढताना कडं वाकतं आणि परत पूर्वीसारखं घट्ट बसत नाही.

३. वितळवून जोडलेलं प्लॅस्टिक किंवा आत एपॉक्सी भरलेला: हा कापल्याशिवाय उघडत नाही. सर्किट एपॉक्सीत गाडलेलं असेल तर प्रयत्न सोडलेला बरा.

चौथी गोष्ट म्हणजे लेबल. टॉर्चवर लेसरचं चिन्ह असेल तर तो उघडू नये. काही इन्फ्रारेड टॉर्चमध्ये एलईडीऐवजी लेसर डायोड असतो आणि समोरचं भिंग किंवा प्रकाश पसरवणारी काच तो झोत सौम्य करत असते. ती काढली की तोच टॉर्च डोळ्यांसाठी कितीतरी पट धोकादायक होतो.

उघडताना खरी अडचण तापमानाची

सर्वात आधी सेल बाहेर. लिथियम-आयन सेल आत असताना टॉर्च तापवणं म्हणजे आगीला आमंत्रण. या सेलसाठी वापरतानाची मर्यादा साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. सेल कोणत्याही वाटेने बाहेर निघत नसेल तर उष्णतेचा वापर करूच नये.

सुरुवात हाताने. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे घेऊन एक डोक्याला, एक अंगाला गुंडाळला की पकड चांगली बसते. पाना किंवा पक्कड थेट लावली तर ॲल्युमिनियमवर खाचा पडतात आणि नळी चेपली तर आटे कायमचे अडकतात. व्हाइस वापरायचा असेल तर दोन्ही बाजूंना लाकडाचे तुकडे हवेत.

मध्यम ताकदीचा, बहुधा निळा, थ्रेडलॉकर असेल तर एवढ्यावर काम होतं. पक्का, बहुधा लाल, थ्रेडलॉकर मऊ करायला मात्र सुमारे २५० अंशांपर्यंत तापवावं लागतं. खरी गोम इथे आहे. शिसं असलेलं नेहमीचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं आणि शिसं नसलेलं साधारण २१७ ते २२० अंशांना. म्हणजे गोंद सुटायच्या आधी एलईडीच जागेवरून सुटू शकतो. ओ-रिंग आणि प्लॅस्टिकचं भिंग तर त्याआधीच खराब होतं.

यावर उपाय म्हणजे उष्णता फक्त बाहेरच्या कड्याला, थोडा वेळ आणि फिरवत द्यायची. ॲल्युमिनियम तापलं की प्रसरण पावतं. बाहेरचं कडं आधी तापलं तर ते किंचित मोठं होतं आणि जोड ढिला होतो. दर वेळी थोडं तापवायचं, हातमोजे घालून फिरवून पाहायचं, नाही हललं तर थांबायचं. शेगडीच्या ज्योतीवर टॉर्च धरणं हा सरळ त्याला मारण्याचा मार्ग.

एलईडी बदलला की काम संपतं का?

बहुतेक प्रयोग इथेच फसतात. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. एका थराच्या इन्फ्रारेड एलईडीला दीड ते दोन व्होल्ट पुरतात. एलईडीला किती वीज द्यायची हे ठरवणाऱ्या सर्किटला ड्रायव्हर म्हणतात. साध्या, स्वस्त ड्रायव्हरमध्ये उरलेला व्होल्टेज उष्णता होऊन वाया जातो.

हिशेब करून पाहा. सेल ४ व्होल्टचा, प्रवाह १ अँपिअर. पांढरा एलईडी ३.२ व्होल्ट घेतो, तेव्हा ड्रायव्हरवर ०.८ वॅट उष्णता पडते. त्याच जागी १.६ व्होल्टचा इन्फ्रारेड एलईडी लावला तर तीच उष्णता २.४ वॅट होते. तिप्पट! दोन थर एकावर एक असलेले इन्फ्रारेड एलईडीही मिळतात आणि त्यांना पांढऱ्याइतकाच व्होल्टेज लागतो. पांढऱ्या टॉर्चच्या अंगात बसवायला ते जास्त सोयीचे.

एलईडी बसवताना आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

• खालच्या चकतीला थर्मल पेस्टचा पातळ थर हवा. जाड थर लावला तर उष्णता उलट अडते.

• काही एलईडींचा मधला धातूचा भाग विजेच्या एका टोकाला जोडलेला असतो. चकतीवर योग्य आवरण नसेल तर टॉर्चच्या अंगातून शॉर्ट होतो. सेल घालण्याआधी मल्टिमीटरने तपासणं आवश्यक.

• झोत डोळ्यांनी जुळवता येत नाही. त्यासाठी भिंतीवर प्रकाश पाडून तो कॅमेऱ्यातून पाहावा लागतो. पुढे भिंग असेल तर पांढऱ्या प्रकाशात जुळवलेला झोत इन्फ्रारेडमध्ये थोडा हलतो, कारण वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश भिंगातून वेगवेगळा वळतो. आरशासारख्या रिफ्लेक्टरमध्ये हा फरक पडत नाही.

पुन्हा बंद करताना जुनी ओ-रिंग चिरलेली नाही ना हे पाहून नवी बसवावी आणि तिला ग्रीसचा हलका हात द्यावा. रबर सिलिकॉनचं असेल तर सिलिकॉन ग्रीस टाळावं, त्याने ते फुगतं. एकदा उघडलेल्या टॉर्चवर आयपीचा आकडा छापलेला राहतो, पण त्या आकड्याची हमी मात्र संपलेली असते.

डोळ्यांचं काय?

तेजस्वी प्रकाश पडला की साधारण पाव सेकंदात पापणी मिटते. ही प्रतिक्रिया दिसणाऱ्या प्रकाशाला असते. ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचे किरण डोळ्यांच्या भिंगातून थेट पडद्यापर्यंत पोहोचतात, पण डोळ्यांना सावध करत नाहीत. त्यात अंधारात बाहुली मोठी झालेली असते, त्यामुळे जास्त किरण आत जातात. पडद्याला वेदना कळत नाही. त्यामुळे इजा होत असेल तर ती त्या क्षणी जाणवेलच असं नाही.

रिमोटमधल्या एलईडीची ताकद नगण्य असते, त्याला घाबरायचं कारण नाही. टॉर्च मात्र तोच प्रकाश कितीतरी जास्त ताकदीने एका झोतात गोळा करतो. म्हणून साधे नियम: चाचणी करताना टॉर्च भिंतीकडे, आरसा आणि चकचकीत भांड्यांपासून लांब. चालू आहे की नाही हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघायचं. अनेक फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यात इन्फ्रारेड प्रकाश जांभळट-पांढरा दिसतो. आपल्या फोनला तो दिसतो का, हे टीव्हीच्या रिमोटवर आधी तपासून घेता येतं.

जुना सेल कुठे टाकायचा?

उघडून काढलेला लिथियम सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. कचऱ्याच्या गाडीत दबून तो पेट घेऊ शकतो. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो ई-कचरा किंवा बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्रात द्यावा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

मग उघडावा की नाही?

आट्यांचा टॉर्च असेल, सेल वेगळा निघत असेल, सोल्डरिंगचा हात असेल आणि घरात मल्टिमीटर असेल तर प्रयत्न करायला हरकत नाही. लेसर, एपॉक्सी किंवा आत अडकलेला सेल, यापैकी काहीही असेल तर हात लावू नये. वॉरंटी मात्र दोन्हीकडे विसरायची.

आणि उघडलाच, तर एक बदल नक्की करावा. बटणाजवळ एक छोटा लाल एलईडी, जो टॉर्च चालू असताना पेटेल. ते जमत नसेल तर अंगावर ठळक अक्षरांत 'इन्फ्रारेड, डोळ्यांसमोर धरू नका' अशी पट्टी. पांढरा टॉर्च बदलून केलेला इन्फ्रारेड टॉर्च बाहेरून अगदी साध्या टॉर्चसारखाच दिसतो. ज्याने तो बनवला त्याला फरक माहीत असतो. पण लाइट गेल्यावर ड्रॉवर चाचपून तो बाहेर काढणाऱ्या घरातल्या माणसाला तो माहीत नसतो. बटण दाबल्यावर उजेड पडला नाही की तो आधी तळहातावर आपटेल आणि मग काच डोळ्यांसमोर धरेल.