महाधमनीवरील ताण आणि बाह्य आधाराची शस्त्रक्रिया

कोल्हापूरच्या तालमीत किंवा व्यायामशाळेत श्वास रोखून वजन उचलणाऱ्या तरुणाचा रक्तदाब क्षणभर किती चढतो, याची कल्पना सहसा कुणाला नसते. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत, दोन्ही पायांनी भारी वजन रेटणाऱ्या व्यायामपटूंचा वरचा दाब सरासरी ३२० मिलिमीटरपर्यंत गेलेला आढळला. निरोगी महाधमनी हा दाब सोसते. भिंत मुळातच कमकुवत असेल, तर मात्र तोच दाब घातक ठरू शकतो.

महाधमनी ही हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी. दिवसाला सुमारे एक लाख ठोके ती झेलते. तिच्या भिंतीवरील परिघीय ताण स्थूलमानाने काढता येतो : दाब गुणिले त्रिज्या, भागिले भिंतीची जाडी. १२० मिलिमीटर दाब म्हणजे १६ किलोपास्कल. व्यास ३ सेंटीमीटर व जाडी २ मिलिमीटर असल्यास ताण १२० किलोपास्कल येतो. व्यास ५ सेंटीमीटर झाला आणि भिंत ताणून दीड मिलिमीटरवर आली, तर तो सुमारे २६७ होतो. रक्तदाब तोच, ताण मात्र दुपटीहून अधिक! फुगल्यामुळे ताण वाढतो आणि ताणामुळे ती आणखी फुगते. शिवाय प्रत्येक ठोक्यासरशी हृदय धमनीचे मूळ खाली खेचते, त्यामुळे लांबीच्या दिशेनेही ओढ बसते. आतल्या थराला पडणारी चीर बहुधा आडवी असते, तिचे एक कारण ही ओढ मानले जाते. चिरेतून रक्त भिंतीच्या थरांत घुसते. हृदयालगतच्या भागात असे घडल्यास तातडीची शस्त्रक्रिया हाच उपाय उरतो.

सुमारे पाच हजारांत एकास आढळणाऱ्या मारफान विकारात फायब्रिलिन या प्रथिनातील दोषामुळे भिंत दुबळी असते. असे रुग्ण बहुधा उंच, सडपातळ, लांब बोटांचे असतात. आणि नेमक्या उंचीमुळेच अशा मुलांना व्हॉलीबॉलकडे वळवले जाते. अमेरिकेची ऑलिम्पिक व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८६ मध्ये जपानमधील सामन्यादरम्यान कोसळून मरण पावली. तिला हा विकार असल्याचे शवविच्छेदनात कळले.

फुगलेला भाग कापून कृत्रिम नळी बसवण्याची बेंटाल शस्त्रक्रिया १९६८ पासून रूढ आहे. ती भरवशाची आहे. पण तीत झडपही बदलली जाते आणि यांत्रिक झडप बसवल्यास रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. झडप राखून मूळ बदलण्याची पद्धत पुढे आली, तरी हृदय थांबवणे तीतही चुकत नाही.

टाल गोल्सवर्दी या ब्रिटिश अभियंत्याला स्वतःलाच मारफान विकार होता. धमनी कापण्याऐवजी तिला बाहेरून आवळून धरता येईल, असे त्याने सुचवले. सायकलची ट्यूब बाहेर काढून हवा भरली की फुगून फुटते. टायरच्या आत तीच ट्यूब माणसाचे ओझे पेलते. तत्त्व हेच. रुग्णाच्या स्कॅनवरून धमनीची हुबेहूब प्रतिकृती बनवायची, तिच्यावर पॉलिस्टरची मऊ जाळी बेतायची आणि ती मुळाभोवती चढवायची. मे २००४ मध्ये लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयात शल्यविशारद जॉन पेपर यांनी पहिली अशी शस्त्रक्रिया केली. रुग्ण होता खुद्द गोल्सवर्दी. अनेकदा हृदय न थांबवता हे काम उरकते. जाळी पुढे भिंतीत रुजते. म्हणजे जाडी वाढते, व्यास वाढत नाही आणि वरील सूत्रानुसार ताण उतरतो.

बाहेरून गुंडाळण्याची कल्पना नवी नव्हे. १९४८ मध्ये आइनस्टाइन यांच्या पोटातील महाधमनीभोवती डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी सेलोफेन गुंडाळले होते. १९५५ मध्ये ती अखेर फुटली. सेलोफेनचा हेतू दाहातून जखमेसारखी घट्ट ऊती निर्माण करणे हा होता. मापाचा आधार तो नव्हता, हा फरक महत्त्वाचा.

जाळीलाही मर्यादा आहेत. ती सुरुवातीच्या भागालाच सांभाळते. कमान व खालचा भाग उघडाच राहतो, आणि ताठर व लवचिक भाग जिथे मिळतात त्या कडेवर ताण एकवटू शकतो. झडप आधीच बरीच गळत असेल वा भिंत चिरली असेल, तर ही पद्धत उपयोगाची नाही. रक्तदाब उतरवणारी औषधे व नियमित तपासणी नंतरही चालूच ठेवावी लागते. घराण्यात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर मुलाला आखाड्यात वा मैदानावर उतरवण्यापूर्वी टू-डी इको करून घ्यावा. मुळाचा व्यास त्यात कळतो.