वहीची शिवण आणि रुमालाची गांठ

अंबरनाथ येथील शिवमंदिराच्या शिलालेखाचा शक डॉ. भाऊ दाजी यांनीं प्रथम ७८२ असा वाचला, पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२ (इ. स. १०६०) असा दुरुस्त केला. दगड शाबूत होता म्हणून फेरवाचन शक्य झालें. हिशेबी वह्यांस हें भाग्य क्वचितच लाभतें, कारण संग्राहकाच्या हातीं येतांच त्यांची बांधणी मोडते. अक्षरांइतकीच ती बांधणीही ऐतिहासिक साधन होय, असें आमचें म्हणणें आहे.

हें मंदिर ज्या शिलाहारांच्या काळचें, त्यांचे ताम्रपट पहावे. पत्रे कडींत ओवून कडीवर गरुडमुद्रा बसवीत. कडी न तोडतां मधला पत्रा बदलणें कठीण. कागदी वहींत हेंच काम दोरा करतो. सावकारी वहीचें आवरण बहुधा तांबड्या खारव्याचें, शिवण पांढऱ्या सुती दोऱ्याची व सहज नजरेस पडणारी. ताव दुमडून एकांत एक घालीत व घडीवर शिवीत. त्यामुळें एक पान फाडलें कीं त्याचा जोडीदार दुसऱ्या अंगास सुटा होतो. रेघा आंखण्याऐवजीं कागदास सळ पाडीत. डावीकडे जमा, उजवीकडे नांवें. मागाहून घुसविलेल्या पानाचे सळ व दोऱ्याचीं भोंकें शेजाऱ्यांशीं सहसा जुळत नाहींत. इतका स्वस्त पहारेकरी आम्हांस दुसरा ठाऊक नाहीं!

न्यायालयेंही हा भेद मानतात. इ. स. १९९८ मध्यें हवाला प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें सुट्या कागदांस हिशेबाची वही म्हणण्याचें नाकारलें. पानें सहज काढतां-घालतां येऊं नयेत अशी बांधणी हेंच वहीचें लक्षण ठरलें.

पेशवे दफ्तराची गोष्ट निराळी. तेथील हिशेब पुष्कळसे सुट्या कागदांवर. त्यांस शिवण नाहीं, रुमालाची गांठ आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारांत असे हजारों रुमाल आहेत. येथें कागदांचा क्रम हीच शिवण. विषयवार गठ्ठे करण्याच्या हौसेनें तो मोडला, तर एका दिवसाची शिल्लक दुसऱ्या दिवशीं कोठें गेली हें शोधणें दुर्घट होतें.

मळका खारवा टाकून कातडी पुठ्ठा चढविणारे संग्राहक आम्हीं पाहिले आहेत. कडा सारख्या करण्याच्या भरांत समासांतले आंकडेही कापले जातात. वही उसविणें अपरिहार्यच असेल, तर आधीं टांक्यांची संख्या, भोंकांमधील अंतर व सळांची मोजणी टिपून ठेवावी, आणि काढलेला दोरा पुडींत घालून वहीबरोबरच ठेवावा.