पिंजऱ्यांतील पहिला विषधर

विषारी साप पाळावयाचा तर आरंभ कोणत्या सापानें करावा, असा प्रश्न सर्पांचे शौकीन एकमेकांस विचारतात. आणि ‘जो सर्वांत सौम्य, त्यानें’ असें उत्तर सहज दिलें जातें. या उत्तरांत एक गृहीत दडलेलें आहे: एका सापापासून जें शिकावें तें दुसऱ्यासहि लागू पडतें. इतिहासानें हें गृहीत वारंवार खोटें ठरविलें आहे, आणि प्रत्येक वेळीं त्याची किंमत मनुष्यांच्या प्राणांनीं मोजली गेली आहे.

इ. स. १८९१ मध्यें आल्बेर काल्मेत हा तरुण फ्रेंच वैद्य सायगांव येथील प्रयोगशाळा चालवीत होता. त्या वर्षीं पावसाळ्यांत बाक-ल्यूनजीकच्या एका खेड्यांत नाग शिरले. ४० माणसांस दंश झाले व त्यांतील ४ दगावलीं. एका गारुड्यानें पकडलेले जिवंत नाग पिंपांत कोंडून काल्मेतकडे धाडण्यांत आले. प्रयोगशाळेंतील या पहिल्या विषधराची निवड काल्मेतनें केली नव्हती. ती पावसानें केली होती. पुढें फ्रान्सला परतल्यावर त्यानें घोड्यास विषाच्या चढत्या मात्रा टोचल्या व त्याच्या रक्तांतील रसापासून सर्पविषावर उतारा सिद्ध केला. हें कार्य थोर होतें यांत संशय नाहीं. परंतु नागावर चालणारा हा उतारा सर्वच सापांवर चालेल, अशी त्याची समजूत झाली.

ही समजूत फार दिवस टिकली नाहीं. ब्राझिलमध्यें व्हितल ब्राझिल यांनीं तेथील सापांवर प्रयोग करून प्रत्येक जातीच्या विषास त्याच विषापासून केलेला उतारा लागतो असें दाखविलें. हिंदुस्थानांत जॉर्ज लँब यांनींहि घोणशीच्या विषापुढें काल्मेतचा उतारा निष्प्रभ ठरतो हें सिद्ध केलें. कारण उघड आहे. नाग व मण्यार यांचें विष मुख्यत्वें मज्जातंतूंवर आघात करून श्वास बंद पाडतें. घोणस व फुरसें यांचें विष रक्ताची गोठण्याची शक्तिच नष्ट करितें. एका कुलुपाची किल्ली दुसऱ्यास कशी लागावी? म्हणूनच आपल्या देशांत पुढें नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांच्या विषांपासून एकत्रित उतारा तयार होऊं लागला. परळच्या हाफकिन संस्थेचें नांव या कामीं महाराष्ट्रास परिचित आहेच. ज्या कोंकणांत पूर्वीं फुरशीं मारण्यासाठीं सरकारी बक्षिसें लागत, तेथील शेतकऱ्यास केवळ नागाच्या उताऱ्याचा काय उपयोग होता?

सौम्यतेच्या समजुतीनें तज्ज्ञांचाहि घात केला आहे. शिकागोचे विख्यात सर्पशास्त्रज्ञ कार्ल श्मिट यांच्याकडे १९५७ च्या सप्टेंबरांत तेथील प्राणिसंग्रहालयानें आफ्रिकेंतील बूमस्लँग जातीचा एक लहानसा साप ओळख पटविण्यासाठीं पाठविला. त्याचे विषदंत जबड्याच्या मागील बाजूस असतात. साप लहान, दंश किरकोळ; तेव्हां भय नाहीं, असें त्यांस वाटलें. आपल्या शरीरावर होणारे परिणाम ते शांतपणें टिपीत राहिले, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांचें प्राणोत्क्रमण झालें. जन्मभर सापांचा अभ्यास केलेल्या पुरुषाची ही गति. मग नवशिक्याच्या अंदाजाची मातबरी ती काय?

हा प्रश्न अद्याप संपलेला नाहीं. चेन्नईनजीक १९७८ मध्यें स्थापन झालेली इरुळा सर्पग्राहकांची सहकारी संस्था हिंदुस्थानांतील उताऱ्याच्या कारखान्यांस विष पुरवीत आली आहे. परंतु एकाच जातीच्या सापाचें विषहि प्रांतोप्रांतीं बदलतें, असें अलीकडील संशोधनानें दाखविलें आहे. दक्षिणेकडील सापांच्या विषापासून केलेला उतारा दूरच्या रोग्यास तितकाच गुणकारी ठरेल, अशी खात्री देतां येत नाहीं. काल्मेतची चूक लहान प्रमाणांत आपणहि करीत आहों.

तेव्हां हौसेखातर पहिला विषधर कोणता निवडावा, याचें शहाणपणाचें उत्तर ‘कोणताच नाहीं’ हें होय. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अशा हौसेस आळाहि घातलेला आहे. जेथें साप पाळणें हें लोकांच्या प्राणरक्षणाचें साधन आहे, तेथें मात्र निवडीचा प्रश्न खरा आहे. आणि त्याचें उत्तर हौशी माणसाच्या सोयीनें नव्हे, तर ज्या शेताच्या बांधावर दंश होतो तेथील सापावरून ठरलें पाहिजे.